सर्कशीचं परीक्षणही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सर्कशीवर पानभर लेख आला. फोटो उत्तम होते. मथळ्यात मात्र नेहमीप्रमाणे ‘अखेरची घरघर’ होती आणि मजकुरातली कारणंही नेहमीचीच होती: प्राण्यांवर बंदी आली, मोबाईल आला, माणसं येईनाशी झाली. हाच लेख मी गेली कित्येक वर्षं या ना त्या वर्तमानपत्रात वाचत आलो आहे. इतकी लांबलेली घरघर वैद्यकशास्त्रात दुसरी नसेल.

मी मिरजेत छापखाना चालवत होतो. वडिलांच्या वेळचं ट्रेडल मशीन, लाकडी खण, शिशाच्या अक्षरांचे खिळे. लग्नपत्रिका, सोसायटीची पावतीपुस्तकं, नाटकांची हँडबिलं ही नेहमीची कामं. सर्कस गावात आली की तिचीही. तंबूच्या आत काय चालतं ते मला चार प्रेक्षकांना ठाऊक असतं तेवढंच ठाऊक. पण सर्कस गावापुढे स्वतःला कशी मांडते, हे मी शाईच्या बाजूने पाहिलं आहे. आपल्या लेखात नेमकं तेच नव्हतं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावायला आपण मोकळे आहात.

सर्कस यायच्या बऱ्याच आधी तिचा ॲडव्हान्स मॅनेजर यायचा. हा बहुधा मल्याळी माणूस, हिंदी मोडकं, मराठी कामापुरतं, पण गावातल्या कुठल्या कचेरीत कोणाच्या टेबलावर कागद अडतो हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळायचं. आधी मैदान, मग पाणी, मग वीज, मग पोलीस, आणि हे सगळं जमलं की छापखाना. मोठी रंगीत पोस्टरं शिवकाशीहून छापून आलेली असायची. वाघाच्या उघड्या जबड्याखाली किंवा झुल्यावरच्या मुलीच्या पायाखाली पांढरी पट्टी कोरी सोडलेली. त्या पट्टीत गावाचं नाव, मैदान, तारीख आणि खेळाच्या वेळा आम्ही छापून द्यायच्या. म्हणजे एकच वाघ सोलापुरात, हुबळीत, मिरजेत. खालची ओळ तेवढी बदलायची. हँडबिलं मात्र संपूर्ण आमची, पिवळ्या नाहीतर गुलाबी पातळ कागदावर. टांग्यात, पुढे रिक्षात कर्णा बांधून पोरगा ती उधळत जायचा आणि शाळेतली पोरं मागे धावायची. दुसऱ्या दिवशी त्याच कागदात किराणावाला मोहरी बांधून द्यायचा, म्हणजे जाहिरात स्वयंपाकघरापर्यंत पोचायची. 

त्या मजकुराची एक घडण होती. ‘आपल्या शहरात प्रथमच’ ही ओळ अगदी वर. ही कंपनी मागच्या खेपेला येऊन गेली असली तरीही. मग प्राण्यांची आणि माणसांची यादी, मग ‘दररोज तीन खेळ’, मग दर. पंधरवड्याने मॅनेजर पुन्हा यायचा: ‘शेवटचे तीन दिवस’. तीन दिवस संपले की पुन्हा: ‘लोकाग्रहास्तव मुक्काम वाढवला आहे’. लोकाग्रहास्तवचा तो मोठ्या खिळ्यांचा जुळवलेला भाग आम्ही सुटा करून खणांत परत टाकायचोच नाही. सुतळीने बांधून फळीवर तयार ठेवलेला असे, कारण तो लागणारच. लोकांनाही हे माहीत होतं. शेवटचे तीन दिवस वाचून घाईने तिकीट काढणारा कोणी भाबडा नसे. पण हँडबिल आलं की घरात विषय निघायचा, एवढं काम झालं की कंपनीला पुरे.

छापील जाहिरातीपेक्षा जबर अशा दोन गोष्टी होत्या. पहिली रेल्वे. मिरज जंक्शनला तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र येत. सर्कशीचे मालगाडीचे डबे मालधक्क्याला लागले की हत्ती उतरून रस्त्याने चालत मैदानाकडे निघत. याला एक पैसा खर्च नाही. दुकानदार फळीवरून उतरून बाहेर येत, दवाखान्यातले पेशंट व्हरांड्यात येत. दुसरी गोष्ट सर्चलाइट. रात्री त्याचा झोत आभाळात गोल फिरायचा. म्हैसाळ, आरग, बेडग, मालगाव इथून तो दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या बैलगाड्या मिरजेच्या वाटेला लागायच्या. वीज पुरेशी नसलेल्या खेड्यांत आभाळात उजेड फिरतो हाच एक खेळ होता, तोही फुकट. आता मिरजेच्या आभाळात इतका उजेड आहे की असला झोत कोणी मान वर करून बघणार नाही.

या सगळ्यात अतिशयोक्ती भरपूर होती. कागदावर डरकाळी फोडणारा सिंह मैदानावर पिंजऱ्यात झोपलेला असायचा, आणि त्या पिंजऱ्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला त्या झोपेचं कारण विचारावं लागत नाही. पण अतिशयोक्तीचा सूर एकच होता: आम्ही तुम्हाला असं काहीतरी दाखवणार आहोत जे तुम्ही पाहिलेलं नाही. या, आणि तोंडात बोट घाला. सर्कस गावापुढे छाती काढून यायची.

हा सूर जुना आहे. अमेरिकेत बार्नम या सर्कसवाल्याने १८८२ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाकडून जम्बो नावाचा हत्ती विकत घेतला. लंडनची पोरंटोरं हत्ती जाऊ नये म्हणून रडली, पत्रं लिहिली, आणि बार्नमने त्या रडण्याचीच जाहिरात केली. आपल्याकडची सुरुवातही तशीच नाट्यपूर्ण. आमच्या जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी घोड्यांची जबाबदारी सांभाळत. मुंबईत चिआरिनी या इटालियनाची सर्कस आली होती. हिंदुस्थानी माणसाला हे जमायला अजून बराच अवकाश आहे, असं काहीसं तो म्हणाला, ते छत्र्यांनी मनावर घेतलं, आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईत स्वतःच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा खेळ लावला, अशी कथा आहे. तिला पुढच्यांनी थोडा मीठमसाला लावला असेल. पण ‘साहेब म्हणाला जमणार नाही, आम्ही करून दाखवतो’ याहून चांगली जाहिरात त्या काळच्या प्रेक्षकासाठी कोण लिहू शकला असता? पुढे खेळ दक्षिणेत, केरळातल्या तलश्शेरीला गेला, तिथे किलेरी कुन्हीकन्नन या कसरतीच्या मास्तरांशी छत्र्यांची गाठ पडली, किलेरींनी १९०१ मध्ये तिथे सर्कशीची शाळा काढली, आणि पुढची कित्येक दशकं या देशातल्या सर्कशींना माणसं तिथून मिळाली. म्हणूनच आमच्या छापखान्यात येणारा मॅनेजर मल्याळी. हे छत्रे गाण्याचेही भक्त होते. ग्वाल्हेरचे गवई हद्दू खाँ यांचे चिरंजीव, गायक रहिमत खाँ भ्रमिष्टासारखे भटकत होते, त्यांना छत्र्यांनी आणून सांभाळलं. रहिमत खाँ अखेर कुरुंदवाडातच गेले. सर्कसवाला म्हणजे अडाणी तमासगीर असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता आपल्या लेखातल्या कारणांकडे येतो.

प्राणी. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांना मनाई केली. सर्कसवाले केरळच्या उच्च न्यायालयात गेले, हरले, सर्वोच्च न्यायालयात गेले, २००१ मध्ये तिथेही हरले. नंतर हत्तीही गेले. हे सगळं योग्य झालं असं माझं स्वच्छ मत आहे. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी १९४० च्या सुमाराला अमेरिकेत रिंगलिंगच्या सर्कशीत हिंस्र प्राण्यांचे खेळ करून नाव काढलं, त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि राहील. पण अभिमानासाठी आणखी शंभर वर्षं सिंहाला पिंजऱ्यात गोल फिरवायचं कारण नाही. बंदीने गल्ला पडला हेही खरं. रिंगलिंगने मे २०१६ मध्ये हत्ती बंद केले, तिकीटविक्री घसरली, आणि मे २०१७ मध्ये ती सर्कसच बंद झाली. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, हत्ती गेले आणि सर्कस गेली. पण तीच सर्कस २०२३ मध्ये एकाही प्राण्याशिवाय पुन्हा उभी राहिली, ही दुसरी बातमी आपल्याकडे फारशी कोणी छापली नाही. जर्मनीत रोनकाली नावाची सर्कस प्रकाशाचे हत्ती-घोडे रिंगणात धावताना दाखवते. मला स्वतःला ते बघायची फार उत्सुकता नाही. उजेडाचा हत्ती मालधक्क्यावरून चालत येत नाही. पण त्यांनी प्रेक्षकाला नवीन काहीतरी देऊ केलं, गेलेल्या हत्तीचं सुतक धरून बसले नाहीत.

मोबाईल. टीव्ही आला तेव्हा टीव्हीचं नाव, व्हिडिओ आला तेव्हा त्याचं. मोबाईलमुळे लोक घरी बसतात हे मी मान्य करतो, पण त्याच मोबाईलवर लोक क्रिकेटची, नाटकांची, विनोदवीरांच्या कार्यक्रमांची महागडी तिकिटं काढून घराबाहेर पडतात, हे कसं? पाचशे रुपयांपर्यंतच्या सर्कशीच्या तिकिटावर जीएसटीसुद्धा नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत सर्वत्र तंबू अडकून पडले, तेव्हा पुण्याच्या रॅम्बो सर्कशीने खेळ चित्रित करून तिकीट लावून ऑनलाइन दाखवला. हे धाडस होतं. छत्र्यांना आवडलं असतं.

तर मग बिघडलं कुठे? मला वाटतं, सूर बिघडला.

गेल्या हिवाळ्यात जवळच्याच शहरात एक सर्कस आली होती. नाव लिहीत नाही, कारण हा दोष एकट्या त्यांचा नाही. मुलाने फोनवर तिकिटं काढली, फोनवरचाच चौकोनी शिक्का दाखवून आम्ही आत गेलो. नात सोबत होती. दारात मोठा फ्लेक्स, त्यावर रडणारा जोकर आणि शब्द: ‘लुप्त होत चाललेली कला, येत्या पिढीला शेवटची संधी’. आत गेलो तर दोन आयटमांच्या मध्ये माईकवरून निवेदन: मायबाप प्रेक्षकहो, ही कला जगवा, हे कलाकार उपाशी आहेत, आपल्या मित्रमंडळींना सांगा. पुन्हा दोन आयटम, पुन्हा तेच. नातीने विचारलं, आजोबा, यांना जेवायला मिळत नाही का? आता सांगा, ज्या मुलीला जेवण मिळत नाही असं आत्ताच माईकवर ऐकलं, ती वर कापडाला लटकून गिरकी घ्यायला लागली की पाचवीतल्या पोरीच्या मनात काय येणार? तिला त्या गिरकीची भीती वाटली नाही, कौतुकही वाटलं नाही. कीव आली. 

आणि खेळ कसा होता? खेळ चांगला होता! हेच माझं दुखणं आहे. रोला-बोलावर एक माणूस होता. नळकांड्यावर फळी, तिच्यावर आडवं दुसरं नळकांडं, पुन्हा फळी, अशी माडी चढवून तो वर उभा राहिला आणि तिथून त्याने कडं अंगातून खाली काढलं. आफ्रिकेतून आलेली मुलं होती, त्यांचे मनोरे इतके झटपट चढत आणि उतरत की टाळी वाजवायला हात जुळेपर्यंत पुढचा मनोरा तयार. एका मुलीच्या अंगाभोवती एवढी कडी फिरत होती की ती मधे दिसेनाशी झाली. दोन जोकरांपैकी बुटका नक्कल फार बारकाईने करत होता. झुलेवाला वर चढताना त्याच्या मागून शिडीवर दोन पायऱ्या चढून घाबरून उतरला, तर ती घाबरण्याची पद्धत हसवणारी होती आणि वर चाललेल्या माणसाकडे डोळे नेणारीही होती. शेवटी झुला. झेप घेणारा आणि झेलणारा यांच्यातलं अंतर, जाळ्याची उंची, बँडचं एकदम थांबणं, सगळं जागच्या जागी. फक्त बँड आता माणसांचा नव्हता, रेकॉर्ड होता, आणि तो थांबताना एक क्षण उशिरा थांबत होता. माणूस वाजवत असता तर झुलेवाल्याच्या हाताकडे बघून थांबला असता.

यातलं काहीही त्या फ्लेक्सवर नव्हतं. रोला-बोलावाल्याचं नाव कुठे नव्हतं. कंपनीने स्वतःची सगळ्यात भक्कम वस्तू आत लपवून ठेवली होती आणि दारात दारिद्र्य मांडलं होतं.

रीलबद्दलही एक सांगतो. माझ्या पुढच्या रांगेत सगळेजण फोन वर करून होते आणि सर्कसवाले त्याला प्रोत्साहन देत होते, हॅशटॅग सांगत होते. माझी तक्रार नाही. पिवळ्या हँडबिलाचंच ते आजचं रूप. पण सर्कशीत एक जुनी लबाडी असते: अवघड खेळ पहिल्यांदा मुद्दाम चुकवायचा. झेल हुकतो, माणूस जाळ्यात पडतो, तंबूतून ‘अरेरे’ निघतं. मग दुसऱ्यांदा, बँडच्या ठेक्यावर, जमतं. त्या चुकण्यामुळे प्रेक्षकाला अंतर कळतं. रीलमध्ये हा पहिला झेल कापलेला असतो. वीस सेकंदांत नुसतं जमलेलं दिसतं, आणि जमलेलं दिसत राहिलं की ते सोपं वाटतं. फोनवर तर त्याहून भन्नाट गोष्टी संगणकाने केलेल्या दिसतात. माझी सर्कसवाल्यांना फुकटची सूचना: रीलमध्ये हुकलेला झेल टाका आणि तिथेच थांबा. पुढचं बघायचं तर तंबूत या. जुन्या मॅनेजरला हे सुचायला एक चहाही लागला नसता.

आता तुमच्याकडे, म्हणजे वर्तमानपत्राकडे येतो. कारण कीव विकायला सर्कस एकटी शिकलेली नाही; तिला ती आपण शिकवली. 

नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅनडाची सर्क द्यू सोलेई मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आली. त्यांचा नवा खेळ जगात पहिल्यांदा तिथेच लागला. क्वेबेकमध्ये १९८४ साली रस्त्यावरच्या खेळवाल्यांनी ही कंपनी काढली, तिच्यात पहिल्यापासून प्राणी नाहीत. तिच्याबद्दल तेव्हा मी बरंच वाचलं: संगीत कसं आहे, पोशाख कुणी केले, कथानक काय, रंगमंच कसा उभारला. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी तिकिटाच्या किमतीला साजेसा विषय मानून लिहिलं. त्याच कंपनीने २०२० च्या जूनमध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं, तरी तिला कोणी ‘लुप्त होत चाललेली’ म्हटलं नाही. आमच्या तंबूवर लिहायचं झालं की मात्र लेखक मागच्या बाजूने आत जातो. राहुट्या, वाळत घातलेले कपडे, चूल, थकलेला जोकर, त्याचा रंग पुसतानाचा फोटो. समोरच्या दाराने, तिकीट काढून, खेळ बघून, खेळाबद्दल लिहिलेला मराठी मजकूर मी कितीतरी वर्षांत वाचलेला नाही. नाटकाचं परीक्षण येतं. गाण्याच्या बैठकीचं येतं. कुस्तीच्या फडाचं तर डाव-प्रतिडावांसकट येतं, आमच्या भागात तरी. सर्कशीचा मृत्युलेखच फक्त येतो, तोही आगाऊ.

परीक्षणाचा उपयोग काय? एक तर नावं कळतील. दामू धोत्रे हे नाव लोकांना माहीत होतं म्हणून लोक जात. आज सर्कशीत कोण चांगलं आहे हे सांगता येईल असा एक माणूस माझ्या ओळखीत नाही. नाव नाही तर मान नाही, मान नाही तर कुठल्या आईबापाला वाटेल आपल्या मुलीने हे शिकावं? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला मनाई केली. लहान पोरांना करारावर आणून राबवण्याची चाल मोडली, उत्तम झालं. पण शिकण्याची दुसरी वाट कोणी काढली नाही. केरळने २०१० मध्ये तलश्शेरीला अकादमी काढून पाहिली, ती फार चालली नाही. आपण तर तेवढंही केलं नाही. आणि आपल्याकडे माणसं नाहीत असं थोडंच आहे? दोरीच्या मल्लखांबावर आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी मुली ज्या आसनांत थांबतात, ते तंबूतल्या कापडावरच्या गिरकीपेक्षा अवघड आहे. कापडाला धरायला अख्खा पन्हा असतो, दोरी अंगठ्याएवढी. स्पर्धा संपल्या, वय वाढलं की या मुली दोरी सोडतात, कारण पुढे काही नाही. त्यांतली एखादी वीस-बाविसाव्या वर्षी पगारावर, विम्यासकट, नावानिशी सर्कशीत जाऊ शकेल, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. सर्कस मल्लखांब दाखवत नाही, मल्लखांबवाले सर्कशीकडे बघत नाहीत. छत्र्यांच्या जिल्ह्यात ही अवस्था.

दुसरा उपयोग: खोटं उघडं पडेल. सगळ्याच सर्कशी चांगल्या नाहीत. काहींत अर्धा वेळ सिनेमाच्या गाण्यांवर नाच असतो, काहींत जोकरांचे विनोद आईबापांनी पोरांचे कान झाकावेत असे असतात. हे कोणी लिहीत नाही, कारण मरणासन्न माणसाची चूक कोण काढणार? दया दाखवली की चूक काढण्याचा हक्क जातो, आणि दया घेतली की चांगलं करण्याची सक्ती जाते. दोन्हीकडून नुकसान.

मैदानाचा प्रश्न खरा आहे आणि तो आपल्या लेखात एका वाक्यात उरकला होता. गावातली मैदानं गेली. काहींवर संकुलं झाली, उरलेल्यांवर प्रदर्शनं आणि सभा, भाडं रोजावर. सर्कशीला तंबू उभारायला, परवानग्यांना आणि आवरायला मिळून बरेच दिवस लागतात, त्या दिवसांचंही भाडं पडतं आणि त्या दिवसांत गल्ला शून्य. अग्निशमन, वीज, मंडपाच्या मजबुतीचा दाखला, हे सगळं हवंच. बंगळूरला १९८१ मध्ये व्हीनस सर्कशीचा तंबू पेटून नव्वदहून जास्त जीव गेले, बहुतेक मुलं. पण मोकळ्या मैदानाचे दिवस खेळाच्या दिवसांच्या दराने मोजू नयेत, एवढा ठराव एखाद्या नगरपालिकेला करायला काय हरकत आहे? पूर्वी पालिकेतले लोक सर्कशीकडे फुकट पास मागत, आता तेही मागत नाहीत. याचा आनंद मानावा की काळजी करावी, कळत नाही. जेमिनी सर्कशीचे शंकरन २०२३ साली नव्याण्णवाव्या वर्षी गेले. १९५१ मध्ये गुजरातेत बिलिमोऱ्याला त्यांनी पहिला खेळ लावला आणि देशभर नाव केलं. त्यांच्यासारख्या माणसाने आज नव्याने तंबू काढायचं ठरवलं तर मॅनेजर पहिली पायरीच, मैदानाची, चढू शकणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या हंगामात आपल्या आवृत्तीच्या कुठल्याही शहरात सर्कस लागली तर नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्यांपैकी एकाला खेळाला पाठवा. मल्लखांब नाहीतर जिम्नॅस्टिक्सचा एखादा प्रशिक्षक सोबत दिला तर फारच उत्तम, काय अवघड आणि काय नुसतं दिखाऊ हे तो सांगेल. कलाकारांची नावं विचारून घ्यावीत आणि बरोबर छापावीत. झुलेवाला आणि झेलणारा दोघांचीही, कारण झेलणाऱ्याकडे कोणी बघत नाही. वाईट असेल ते वाईट म्हणावं. राहुट्यांकडे जाऊ नये, चूल बघू नये, कोण काय जेवतो ते विचारू नये. खेळ सुटीच्या दिवशी चारचा बघावा, रिकामा सकाळचा नव्हे. आणि पुढच्या खुर्चीत न बसता गॅलरीत बसावं, तिथून जाळं आणि झुला एका नजरेत येतात. तिकीट मात्र विकत काढावं. पास मागू नये.

आपला,
एक निवृत्त मुद्रक,
मिरज